सत्तेचाळीस मिलिमीटर

गौतम गेल्याला अडीच महिने झाले होते आणि अमिता सोमकुंवर पुन्हा रोज सकाळच्या बसनं सौंसरहून पांढुर्ण्याला जाऊ लागली होती. स्टेशन रोडवर एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वर तिचं लहानसं ऑफिस होतं. घराचा, गोदामाचा, संत्र्याच्या पॅकिंग शेडचा नकाशा तिच्याकडे आला की त्यातले कॉलम केवढे, बीम किती खोलीचे, आत लोखंड किती, हे ती ठरवून द्यायची. लोक म्हणायचे, कामात आहे म्हणून सावरली. खरं तर सावरण्याचा प्रश्नच आला नव्हता, कारण तिला काही होतच नव्हतं. दाढ काढण्याआधी सुई दिली की गाल आपला राहत नाही, हात लावला तर लागतो पण कळत नाही, तशी ती सगळीकडे वावरत होती. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात तिनं आलेल्यांना स्वतः पाणी दिलं होतं. भंतेजींच्या जेवणाचं तिनंच पाहिलं होतं.

गौतम लहान इमारतींचे ठेके घ्यायचा. ऑगस्टच्या शेवटी पांढुर्ण्याहून मोटरसायकलनं परत येताना, दिवेलागणीच्या वेळी, पाइप भरलेली एक ट्रॉली रस्त्यातच उभी होती. तिला मागे लाल दिवा नव्हता. तो पस्तीस वर्षांचा होता. लग्नाला साडेतीन वर्षंही झाली नव्हती. आता सौंसरच्या घरात अमिता आणि तिची सासू शोभाबाई, दोघीच होत्या.

नोव्हेंबरच्या मध्यात अनिल कळंबेचा फोन आला. कळंबेंच्या संत्र्याच्या बागा होत्या आणि सौंसरच्या बाहेर नागपूर रस्त्यावर एक लग्नाचा हॉल होता. हॉलच्या मधल्या बीमखाली प्लास्टरला चीर पडली होती. ती आधी दिसली मंडपवाल्याला, झुंबर टांगताना. त्यानं ते मुलीकडच्यांना सांगितलं आणि आता ते लोक म्हणत होते, इंजिनियरचं लिहून आणा, नाहीतर आमचा अ‍ॅडव्हान्स परत द्या. अनिलचं म्हणणं असं की प्लास्टरच आहे, त्यात काय. पण मॅडमनीच डिझाइन केलेला हॉल, मॅडमनीच दोन ओळी लिहून द्याव्यात.

तो बीम अमिताला पाठ होता. आठ मीटर लांब, मध्ये एकही कॉलम नाही. स्वतःच्या सहीनं केलेलं तिचं ते पहिलं मोठं काम. बांधकाम गौतमनं केलं होतं, आणि त्या हॉलमध्ये पहिलं लग्न लागलं ते त्या दोघांचं. अनिलनंच हौसेनं म्हटलं होतं की बनवणाऱ्यांचंच पहिलं होऊ द्या. हे सगळं तिला फोनवर बोलता बोलता आठवलं, एखाद्याचा पत्ता आठवावा तसं. गुरुवारी येते, असं तिनं सांगितलं.

गुरुवारी ती शिडी घेऊन चढली. बीमच्या दोन टोकांना, कॉलमला लागून, प्लास्टर खरवडून तिनं दहा-दहा सेंटिमीटरचे लाकडी ठोकळे खालून धरवले आणि त्यांच्यामधून नायलॉनची दोरी ताणून बांधली. बीम सरळ असता तर मधोमधही दोरी बीमपासून दहा सेंटिमीटरच राहिली असती. मध्येही तिनं प्लास्टर छिन्नीनं काढून काँक्रीटपर्यंत जागा केली आणि पट्टी लावली. पाच सेंटिमीटर तीन मिलिमीटर. म्हणजे बीम सत्तेचाळीस मिलिमीटर खाली आला होता. तिनं तीनदा मोजलं. मग पाण्याच्या नळीनं लेव्हल घेऊन पुन्हा पाहिलं. सत्तेचाळीसच.

खालून उभं राहून पाहिलं तर काहीच दिसत नव्हतं. अनिल मान वर करून उभा होता. त्यालाही काही दिसत नव्हतं आणि त्यामुळे तो खूश होता.

"वरती काय आहे?" तिनं विचारलं.

वरती दोन खोल्या झाल्या होत्या, एक नवरीकडच्यांना आणि एक नवरदेवाकडच्यांना. दोन्हींच्या मध्ये विटांची भिंत होती आणि ती बीमच्या अर्ध्या लांबीवर बसली होती. तिच्या पुढे उघड्या गच्चीवर विटांच्या ओट्यावर दोन हजार लिटरच्या दोन टाक्या होत्या. नकाशात यातलं काहीच नव्हतं. अनिल म्हणाला, लग्नात पाणी तर लागतेच ना मॅडम. भिंत दुसऱ्या वर्षी घातली होती, टाक्या त्यानंतर.

अमितानं टाक्या तिथल्या तिथे रिकाम्या करायला लावल्या. अनिल कुरकुरला, पण त्यानं वॉल्व्ह उघडला. पाणी मागच्या अंगणात गेलं, तिथून रस्त्याकडेच्या नालीत. तासभर लागला. अमिता शिडीवर, पट्टी हातात धरून बसून होती. पाणी कमी होत गेलं तसं दोरी आणि बीममधलं अंतर वाढत गेलं. आधी एक मिलिमीटर, मग बऱ्याच वेळानं अजून एक. शेवटी सात मिलिमीटर परत आले. चाळीस राहिले.

तिनं अनिलला सांगितलं की टाक्या पुन्हा भरायच्या नाहीत, बीमखाली लाकडी बल्ल्यांचे टेकू लावायचे आणि मी सांगेपर्यंत हॉल उघडायचा नाही. अनिलचा चेहरा उतरला. डिसेंबरात त्याच्याकडे पाच लग्नं होती.

ऑफिसात येऊन तिनं हिशोब मांडला. एका बीमवर चार जातींचं वजन असलं तर चारही एकदम धरून डोकं फोडायची गरज नसते. एकेक वजन एकटंच आहे असं समजायचं, त्या एकट्यानं बीम मध्यावर किती वाकेल ते काढायचं आणि शेवटी सगळ्यांची बेरीज करायची. कॉलेजात तिला ही रीत फार आवडली होती. मास्तरांनी फळ्यावर एक बीम काढून त्यावर बाणच बाण काढले होते, वर्ग घाबरला होता, आणि मग त्यांनी एकेक बाण ठेवून बाकीचे पुसून दाखवले होते.

आता तिनं तेच केलं. बीमचं आणि स्लॅबचं स्वतःचं वजन, पूर्ण लांबीवर सारखं पसरलेलं: एकोणीस मिलिमीटर, त्यात काँक्रीट वर्षानुवर्षं हळूहळू बसतं तेही धरून. अर्ध्या लांबीवरची भिंत: तीन. मध्याजवळची टाकी: पाच. कॉलमकडची टाकी: तीन. बेरीज तीस. आठ मीटरच्या बीमला बत्तीसपर्यंत चालतं. म्हणजे मालकानं न विचारता चढवलेलं सगळं धरूनही बीम मर्यादेत असायला हवा होता.

पण होता सत्तेचाळीस.

तिनं आकडे पुन्हा तपासले. मग तिच्या लक्षात आलं की टाक्यांचे पाच आणि तीन मिळून आठ होतात आणि पाणी काढल्यावर बीम सात वर आला होता. तेवढं जुळत होतं. म्हणजे आजचा बीम तिच्या हिशोबाप्रमाणे वागत होता. जो काही बिघाड होता तो जुना होता. सतरा मिलिमीटर कुठल्यातरी जुन्या दिवशी आले होते आणि त्यांचा हिशोब तिच्या कागदावर नव्हता.

कारणं चार असू शकत होती. लोखंड कमी पडलं, काँक्रीट हलकं पडलं, स्लॅब टाकतानाच सेंट्रिंग, म्हणजे ओलं काँक्रीट धरणारा फळ्यांचा साचा, खाली बसलं, किंवा टेकू लवकर काढले. पहिली दोन गौतमच्या इमानाची होती. ती तसा विचार करू शकली याचंही तिला काही वाटलं नाही. नागपूरहून तिनं लोखंड शोधणारं यंत्र घेऊन एक माणूस बोलावला. त्यानं दिवसभर बीमवरून यंत्र फिरवलं. तिच्या नकाशात खाली सहा सळ्या होत्या, सहाच्या सहा निघाल्या, जाडीही बरोबर. काँक्रीटही चांगलं निघालं. राहिली शेवटची दोन कारणं, आणि त्यांचं उत्तर एकाच माणसाजवळ होतं.

चिंधू मेश्राम गौतमच्या सगळ्या कामांवर सेंट्रिंग करायचा. साठीच्या पुढचा माणूस, आता गुडघ्यांमुळे घरीच असायचा, लोधीखेड्याला. अमिता गेली तेव्हा तो अंगणात बसून जुन्या फळ्यांचे खिळे काढत होता. जयभीम झालं. त्यानं सुनेला चहा ठेवायला सांगितलं आणि गौतमची गोष्ट काढून रडायला सुरुवात केली. अमिता तो थांबेपर्यंत थांबली. मग तिनं विचारलं की हॉलचं सेंट्रिंग लेव्हलमध्ये होतं का.

चिंधू दुखावला. म्हणाला, नळीनं पाहिलं होतं, एक सूतही इकडचं तिकडं नव्हतं.

"काकाजी, मग टेकू कधी काढले?"

त्यानं हातातली फळी खाली ठेवली.

"सूनबाई, हे तुमाले ठाऊक असन असंच मले वाटे."

"मला ठाऊक नाही."

"दहाव्या दिशी काहाडल्या बल्ल्या." त्यानं एक खिळा उचलून बाजूला ठेवला. "बुद्धपौर्णिमेले तुमचं लगन होतं ना. तारीख हालत नव्हती. गौतमभाऊ म्हणे, हॉलात बल्ल्यायचं जंगल अन् त्याच्यात लगन कसं लागन? मी म्हणलं, भाऊ, नकाशावर एकवीस दिस लिहून हायेत. तर हासून राहिले. म्हणे, लिहिनारीसंगच तर लगन करून राहिलो ना मी."

अमितानं मान हलवली.

"तुमी आल्या होत्या त्याच्यानंतर," चिंधू म्हणाला. "दोन दिसानं. तुमच्यासंग शोभाबाई होत्या. तुमी मधात उभ्या राहून वरती पाह्यलं अन् म्हणल्या, किती मोकळं वाटते."

तिला आठवलं. हिरवा ड्रेस होता. हॉलमध्ये ओल्या सिमेंटचा वास होता आणि गौतम दारात उभा राहून तिच्याकडे पाहत होता. स्लॅब एक मेला टाकला होता. आदल्या दिवशी ती स्वतः सळ्या मोजायला गेली होती, त्यामुळे ती तारीख तिला माहीत होती. तेरा मेला ती मोकळ्या छताखाली उभी होती. तेरातून एक गेले किती, हा हिशोब शाळेतलं पोर करेल. तिनं तो केला नाही. सोळा मेला पांढरी साडी नेसून त्याच बीमखाली तिनं त्रिशरण-पंचशील म्हटलं, चारशे लोक जेवले, वर छताकडे तिनं एकदाही पाहिलं नाही.

चहा आला. तिनं तो पूर्ण प्यायला आणि चिंधूच्या गुडघ्यांची चौकशी करून ती निघाली.

दुसऱ्या दिवशी तिनं दहा दिवसांचं वय धरून बीम पुन्हा मांडला. कोवळ्या काँक्रीटवर वजन आलं की ते बारीक बारीक तडकतं आणि पुढं वर्षभर जास्त बसत राहतं. उत्तर आलं चव्वेचाळीस. सत्तेचाळीसच्या तीन अलीकडे. इतका फरक चालतो. तिनं पेन ठेवलं. खाली झेरॉक्सचं यंत्र चालू होतं, त्याचा आवाज फरशीतून पायांना लागत होता. आपल्याला आता रडू यायला हवं, असं तिला वाटलं. ती थोडा वेळ वाट पाहत बसली. मग तिनं अहवाल लिहायला घेतला.

अनिल दोन दिवसांनी पांढुर्ण्याला आला. अहवाल पाहायला मिळावा म्हणून तो आला होता, आणि अहवाल टाइप होऊन टेबलावर पडला होता. त्यानं तो उभ्यानंच वाचला आणि मग खुर्ची ओढून बसला. बीमची ताकद पुरेशी आहे, लोखंड पूर्ण आहे, बीम मोडणार नाही. पण तो मर्यादेपेक्षा जास्त वाकला आहे, म्हणून टाक्या आणि विटांची भिंत काढावी, मध्ये लोखंडी कॉलम उभा करावा आणि वर्षभर दर महिन्याला मोजमाप घ्यावं. इथपर्यंत त्याला मान्य होतं. पुढच्या पानावर कारणं होती.

तिथं लिहिलं होतं की टेकू एकवीस दिवसांऐवजी दहाव्या दिवशी काढण्यात आले. काढणारे, ठेकेदार गौतम सोमकुंवर. बाराव्या दिवशी रचनाकार अमिता सोमकुंवर यांनी जागा पाहिली. स्लॅब टाकल्याची तारीख त्यांना माहीत होती. त्यांनी हरकत घेतली नाही. त्यानंतर मालक अनिल कळंबे यांनी न विचारता भिंत व टाक्या चढवल्या.

अनिलनं ते पान दोनदा वाचलं. मग तो म्हणाला की कारण लिहायची गरजच काय, उपाय लिहिला की झालं. मंडपवाल्याला, मुलीकडच्यांना कारणाशी काय करायचं. आणि लिहायचंच असेल तर, वाईट नका वाटू देऊ, पण गौतमभाऊ आता नाहीत, त्यांच्यापुरतं लिहा. त्यांना आता काही होत नाही. तुमचं नाव काढा, माझंही काढा.

"कारण नसलं तर पुढचा इंजिनियर म्हणेल लोखंड कमी असेल, पाडा," ती म्हणाली. "टेकू लवकर काढले म्हणून वाकला, हे लिहिलं तरच तुमचा हॉल उभा राहतो."

"मंग तुमचं नाव काहून घातलं? तुमाले कोनी विचारलं?"

तिनं पान उलटून त्याच्यासमोर धरलं. त्यानं पुन्हा विचारलं नाही. शेवटच्या पानावर तिनं लिहिलं होतं की या प्रकरणात माझा स्वतःचा संबंध असल्यामुळे हा अहवाल दुसऱ्या अभियंत्याकडून तपासून घ्यावा. छिंदवाड्याला तेजस्विनी होती, कॉलेजात अमिताच्या दोन वर्षं पुढं असलेली इंजिनियर. कागद तिच्याकडे कालच गेले होते.

तेजस्विनीचा फोन त्याच संध्याकाळी आला. आकड्यांवर तिचं काही म्हणणं नव्हतं. बाराव्या दिवसाच्या वाक्यावर ती अडली होती. ते वाक्य हिशोबात कुठंच लागत नाही, ती म्हणाली, ते काढलंस तरी चव्वेचाळीसचे चव्वेचाळीसच राहतात. अशा वाक्यानं उद्या तुझ्याकडे काम घेऊन कोण येईल?

"मी तेव्हा दिवस मोजले असते तर परत बल्ल्या लावता आल्या असत्या," अमिता म्हणाली. "म्हणून ते राहू दे."

तेजस्विनी स्वतः सौंसरला येऊन पाहून गेली. तिचं उत्तर शेचाळीस आलं. तिनं अहवालाला सही केली आणि वाक्य राहिलं.

कामाला सतरा दिवस लागले. टाक्या मागच्या अंगणात जमिनीवरून उभ्या केलेल्या लोखंडी स्टँडवर गेल्या, विटांच्या भिंतीच्या जागी प्लायवूडची आली. बीमच्या मध्यावर लोखंडी कॉलम लागला, त्याला अनिलनं पितळी रंग देऊन पायाशी फुलांची कुंडी ठेवली. डिसेंबरची पहिली दोन लग्नं हॉलसमोरच्या मैदानात मंडपात झाली, तिसरं आत झालं. अनिल अमिताशी महिनाभर तुटक वागला. नंतर त्याच्या चुलतभावानं संत्र्याच्या शेडचं काम तिच्याकडे दिलं, तेव्हा तिला कळलं की ते अनिलनंच पाठवलं होतं. चुलतभाऊ म्हणाला की अनिलभाऊ सांगत होते, बाई सोताच्या विरुद्ध लिहिते, मंग आपल्याले फसवन कशाले. उलट पांढुर्ण्यातल्या दोन बिल्डरांनी तिच्याकडे येणं बंद केलं. त्यातल्या एकाचं अर्धं काम तिच्याच टेबलावर होतं. त्यानं माणूस पाठवून नकाशे नेले.

सौंसरात गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. शेजारची पुष्पा एका रविवारी शोभाबाईंना सांगून गेली की तुमच्या सुनेनं गौतमचं नाव कागदावर लिहून दिलं, हॉल त्याच्यामुळं बिघडला म्हणून. शोभाबाई अंगणवाडीत मदतनीस म्हणून चोवीस वर्षं काम करून घरी बसल्या होत्या. त्या ओरडणाऱ्या बाई नव्हत्या. पुष्पा गेल्यावर त्या मागच्या अंगणात आल्या. अमिता नळाखाली कपडे धूत होती. शोभाबाई समोर पाटावर बसल्या आणि धुतलेले कपडे पिळू लागल्या. चादर दोघींनी दोन टोकं धरून पिळली.

"त्यानं चूक केली होती का?" शोभाबाईंनी विचारलं.

"हो."

"मोठी?"

अमितानं विचार केला. कोणाला लागलं नव्हतं. हॉल उभा होता. "कोणाला काही झालं नाही," ती म्हणाली. "पण चूक होती. आमच्या लग्नासाठी त्यानं टेकू काढले. अन् मी पाह्यलं नाही."

"मीही होती ना तुझ्यासंग त्या दिशी. मले तर कायच समजलं नाही."

"तुम्हाला समजायचं नव्हतं, आई. मले समजायचं होतं."

शोभाबाईंनी चादर दोरीवर टाकली आणि परत येऊन बसल्या. पुढचा कपडा गौतमचा शर्ट होता. जवळजवळ चार महिने तो खुंटीलाच होता. आज सकाळी अमितानं तो न ठरवता बाकीच्या कपड्यांबरोबर बादलीत टाकला होता. शोभाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, तो पिळला नाही, मांडीवर ठेवला.

"श्रावण गेले तवा गौतम नऊ वर्साचा होता," त्या म्हणाल्या. श्रावण म्हणजे त्यांचे नवरे. "लोक म्हणत, शोभा बाई खंबीर आहे. खंबीर कायची? दोन वर्सं भांडली मी त्याईच्याशी. भाकरी थापता थापता भांडो. पाणी भरता भरता भांडो. विमा काहाडा म्हणलं होतं, नाही काहाडला, ह्याच्यावरून भांडो. एक डाव तर मेल्या माणसाले म्हणलं, बोलू नका माह्याशी."

अमिता ब्रश घासत होती.

"तू भांडली का त्याच्याशी?"

"नाही."

"मंग भांड ना वं."

अमितानं मान खाली घालूनच म्हटलं की आता त्याला काय म्हणायचं. ब्रश चालू होता. थोड्या वेळानं ती म्हणाली, "त्यानं मले विचारलं नाही."

शोभाबाईंनी मांडीवरचा शर्ट सरळ केला.

"विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. म्हणूनच विचारलं नाही. विहारात लावलं असतं लग्न. अंगणात लावलं असतं, इथं. मले हॉल पायजे होता का? मी कधी म्हटलं मले हॉल पायजे?" तिचा हात थांबला. "माह्याच नकाशावर, माह्याच सहीखाली. अन् हासत होता म्हणे. चिंधूकाकाले हासून सांगत होता."

तिचा आवाज तिला स्वतःला अनोळखी वाटला. तो कुठून तरी खालून, जाड होऊन येत होता. कानामागं गरम झालं होतं. ती रागावली होती, आणि हे तिला कळायलाही थोडा वेळ लागला. ती बोलत राहिली. हेल्मेट आरशाला लटकवून गाडी चालवायचा ते बोलली. त्या दिवशी पाचला निघतो म्हणाला आणि सहाला निघाला ते बोलली. पाइपच्या ट्रॉलीवाल्याला बोलली, ज्याचं तोंडही तिनं पाहिलं नव्हतं. तेरा मेला दारात उभा राहून हा माणूस तिच्याकडे पाहत होता, ती मोजते की नाही ते पाहत होता, आणि तिनं मोजलं नाही म्हणून त्याला किती बरं वाटलं असेल, ते बोलताना तिला पुढं बोलता येईना. तिनं ओला हात तोंडावर धरला आणि साबण डोळ्यांत गेला.

आवाज ऐकून पुष्पा कंपाउंडवरून डोकावली. शोभाबाईंनी तिला हातानंच जा म्हटलं.

मग त्या उठल्या, मांडीवरचा शर्ट खांद्यावर टाकला आणि नळ बंद केला. पाण्याच्या धारेत अमिताचे अर्धे शब्द ऐकू येत नव्हते.

"हं," त्या पुन्हा समोर बसत म्हणाल्या. "आता बोल."